विद्युत रोध व शक्ती : विभवांतर आणि प्रवाहावरून काढण्याची रीत

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधले विभवांतर (बोलताना व्होल्टेज) आणि त्यातून वाहणारा प्रवाह मोजला, की त्याचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) आणि ते घेत असलेली शक्ती दोन्ही काढता येतात. विभवांतराला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. मापे व्होल्ट आणि अँपिअरमध्ये असतील तर उत्तरे ओहम आणि वॅटमध्ये येतात. गणित एवढेच आहे. मात्र भागाकार कोणत्याही दोन आकड्यांचा होतो. आलेले उत्तर पुढच्या हिशेबाला चालेल की नाही, हे समोरच्या वस्तूवर अवलंबून असते.

घरातला गीझर हे सरळ उदाहरण. पुरवठा २३० व्होल्ट आहे आणि टाँग टेस्टर (तार न तोडता प्रवाह मोजणारे चिमट्याचे उपकरण) ८.७ अँपिअर दाखवतो (टेस्टरचा चिमटा एकाच तारेभोवती धरावा लागतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर काटा शून्यावरच राहतो). गुणाकार सुमारे २००० वॅट, भागाकार सुमारे २६.४ ओहम. गीझरच्या कॉइलमध्ये बहुधा निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार असते आणि ती तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे हा आकडा पुढेही वापरता येतो. व्होल्टेज १८० वर घसरले, तर प्रवाह १८० भागिले २६.४ होतो आणि त्याला पुन्हा १८० ने गुणायचे, म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाला २६.४ ने भागायचे : शक्ती साधारण १२२५ वॅट. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याहून थोडेच जास्त उतरले, पण पाणी तापवण्याची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी गेली.

प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले तरी शक्ती मिळते. प्रवाहामुळे तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा हा नियम जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगांनी मांडला. घरगुती वायरिंगमधले दोष ओळखायला तो फार उपयोगी पडतो. गीझरच्या सॉकेटमधला संपर्क सैल होऊन तिथे अर्धा ओहम रोध आला, तर गीझरच्या कामात कुणाला फरक जाणवणार नाही. पण त्या एका ठिपक्यावर सुमारे ३६ वॅट उष्णता साचत राहते आणि प्लगची पिन काळी पडते, प्लास्टिक वितळते.

विभवांतर आणि प्रवाह यांचे गुणोत्तर स्थिर असते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी कोलोन शहरात शिक्षक असताना दाखवले. त्या काळच्या विद्युत घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सल्ल्यावरून ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे तापयुग्म (दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी धातूंची जोडी) वापरले : एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उगम असा स्थिर झाल्यावर तारांच्या लांबीप्रमाणे प्रवाह कसा बदलतो ते चुंबकसूचीने मोजता आले. प्रयोग १८२६ मध्ये आणि सविस्तर ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीत सुरुवातीला त्याचे थंड स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये.

ओहम यांचा नियम तापमान कायम असताना लागू पडतो, आणि हीच अट बहुतेकदा विसरली जाते. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना ०.४३५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध ५२९ ओहम. तोच बल्ब काढून थंड झाल्यावर मल्टीमीटरने तपासला तर ४० ओहमच्या आसपास भरतो. दोन्ही मापे खरी आहेत. टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात गेली की तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. बटण दाबताच क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह जातो, म्हणून असे बल्ब बहुधा लावतानाच उडत. एलईडीच्या बाबतीत तर भागाकाराचे उत्तर त्या एका व्होल्टेजपुरतेच खरे असते.

मापनाची जोडणीही उत्तर बदलते. अॅमीटरचा (प्रवाह मोजणाऱ्या मापकाचा) स्वतःचा रोध ०.१ ओहम असेल आणि व्होल्टमीटर अॅमीटर व वस्तू या दोहोंच्या बाहेरून जोडला असेल, तर अर्ध्या ओहमची तार ०.६ भरते. अशा वेळी व्होल्टमीटरच्या तारा थेट वस्तूच्या टोकांना लावाव्यात. मोठ्या रोधाला उलट जोडणी बरी : १० मेगाओहमचा व्होल्टमीटर १ मेगाओहमच्या रोधाला समांतर जोडला, तर स्वतःच थोडा प्रवाह ओढतो आणि उत्तर ९ टक्के कमी येते.

प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसीवर) चालणाऱ्या मोटरीत विभवांतर आणि प्रवाह एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. त्यामुळे नुसता गुणाकार व्होल्ट-अँपिअर देतो; वॅट हवे असतील तर त्याला शक्तिगुणकाने (पॉवर फॅक्टरने) गुणावे लागते. शेतपंपाची ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेत असेल आणि शक्तिगुणक ०.८ असेल, तर १.७३ (थ्री फेजसाठीचा गुणक, ३ चे वर्गमूळ) × ४१५ × ७.५ × ०.८ म्हणजे सुमारे ४.३ किलोवॅट, तासाला ४.३ युनिट. भागाकार मात्र इथे मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्याचा रोध देत नाही. गीझरच्या उलट, व्होल्टेज उतरले तरी पंपावरचा भार तेवढाच राहतो, म्हणून मोटर जास्त प्रवाह घेते. तो ११ टक्क्यांनी वाढला की वेटोळ्यातली उष्णता २३ टक्क्यांनी वाढते, आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारे साधन) नीट लावलेला नसेल तर मोटर जळते.