घरच्या घरी वैद्यकीय सेवा

पेशंटला हॉस्पिटलात न हलवता डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, औषधं आणि लागतील ती यंत्रं त्याच्या राहत्या घरी नेऊन उपचार करायची पद्धत. यात साधी होम व्हिजिट येते, ऑपरेशननंतरचं ड्रेसिंग येतं, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली वेदनाशामक सेवा, घरचं डायलिसिस, आणि अगदी दुसऱ्या टोकाला 'हॉस्पिटल ॲट होम', म्हणजे ज्याला एरवी ॲडमिटच करावं लागलं असतं त्याला घरीच ॲडमिट धरून चालवलेले उपचार. हे सगळं एकाच नावाखाली मोजलं जातं आणि इतिहास लिहिताना निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

उगम. सुरुवात नक्की कुठे झाली यावर एकमत नाही. बरेच जण चरकसंहितेपर्यंत मागे जातात. तिच्या सूत्रस्थान या भागाच्या ९ व्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. उपस्थात्याला उपचार माहीत हवेत, तो दक्ष हवा, रोग्याबद्दल त्याला माया हवी आणि तो स्वच्छ हवा, असे त्याचे चार गुणही दिलेत. संहितेचा काळ साधारण इ.स.पू. २ रे शतक ते इ.स. २ रे शतक असा बराच पसरट धरतात. आता उपस्थाता आला म्हणजे घरची सेवा आली असं सरळ गणित काही लेखनात दिसतं, पण त्याच सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात वमन-विरेचनासाठी वेगळी इमारत, तिथला साठा आणि तिथले सेवक यांचंही वर्णन आहे. तेव्हा हा उपस्थाता घरचाच असणार असं त्या मजकुरावरून ठामपणे म्हणता येत नाही. ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, ज्या ज्या घरात शिरेन तिथे रुग्णाच्या भल्यासाठीच शिरेन, अशा अर्थाचं कलम आहे, त्यावरून वैद्याचं काम लोकांच्या घरात चालायचं एवढं मात्र दिसतं.

खरं तर डॉक्टरने घरी जाणं हीच शेकडो वर्षं नेहमीची रीत होती आणि हॉस्पिटल हा अपवाद, त्यामुळे त्याची 'सुरुवात' शोधण्यात फारसा अर्थ नाही. शोधायची ती घरच्या पेशंटची जबाबदारी एखाद्या संस्थेने पद्धतशीरपणे घेतल्याची सुरुवात, आणि इथे दावेदार बरेच आहेत. फ्रान्समध्ये १६३३ साली व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारिलाक यांनी स्थापलेल्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी'च्या स्त्रिया गरीब आजाऱ्यांच्या घरी जायच्या. लंडनमध्ये १७७० च्या जनरल डिस्पेन्सरीचे डॉक्टर, त्यात जॉन कोकली लेटसम हे ठळक नाव, दवाखान्यापर्यंत येऊ न शकणाऱ्यांना घरी जाऊन तपासायचे. अमेरिकेत १७९६ ची बॉस्टन डिस्पेन्सरी आणि चार्ल्सटनमधली १८१३ ची लेडीज बेनेव्होलंट सोसायटी ही दोन नावं आलटून पालटून 'पहिली' म्हणून दिली जातात. यात गंमत अशी की डिस्पेन्सरी ही डॉक्टरची सेवा, आणि चार्ल्सटनची सोसायटी ही आजाऱ्यांकडे बघणाऱ्या बायकांची संस्था, म्हणजे दोघांची तुलनाच मुळात नीट होत नाही.

प्रशिक्षित नर्सिंग हा निकष लावला तर १८५९ चं लिव्हरपूल जास्त पटतं. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने आपल्या आजारी बायकोसाठी मेरी रॉबिन्सन नावाची नर्स ठेवली होती, बायको गेल्यावर त्याने त्याच नर्सला सुरुवातीला तीन महिन्यांसाठी शहरातल्या गरीब वस्तीत घरोघरी जायला नेमलं. काम जमतंय म्हटल्यावर नर्सा कमी पडायला लागल्या, मग फ्लोरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेऊन तिथल्या रॉयल इन्फर्मरी या हॉस्पिटलला जोडून प्रशिक्षण शाळा निघाली आणि शहराचे १८ भाग पाडून भागवार नर्सा नेमल्या गेल्या. डिस्ट्रिक्ट नर्स ही व्यवस्था इथून पसरली, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निधीतून तिला देशभराची संस्था मिळाली. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड आणि मेरी ब्रूस्टर यांनी १८९३ मध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत असंच काम सुरू केलं. वॉल्डच्याच आग्रहावरून १९०९ पासून मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या पॉलिसीधारकांच्या घरी नर्स पाठवायला पैसे दिले. लोक जास्त जगले तर कंपनीचा फायदाच, हा हिशोब त्यामागे होता, आणि घरच्या सेवेचा खर्च तिसऱ्याच कोणीतरी उचलल्याचं हे बहुधा पहिलं मोठं उदाहरण.

'हॉस्पिटल ॲट होम'चा उगम वेगळा मोजावा लागतो. साधारणपणे १९४७ मधला न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलचा कार्यक्रम पहिला मानतात. ई. एम. ब्लूस्टोन हे हॉस्पिटलचे संचालक आणि मार्टिन चेरकास्की कार्यक्रमाचे प्रमुख, पेशंट बहुतेक जुनाट आजारांचे. फ्रेंच लेखक मात्र १९५७ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या अशाच सेवेला जास्त महत्त्व देतात, आणि तेही अगदी चुकीचं नाही, कारण तिथे ही गोष्ट प्रयोग न राहता व्यवस्थेचा भाग झाली, ३१ डिसेंबर १९७० च्या कायद्यात तिला जागा मिळाली. इंग्लंडमधलं पीटरबरो (१९७८) फ्रेंच नमुन्यावरूनच उभं राहिलं, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९४ पासून. निकष एकच ठेवावा असं वाटतं: रात्री दोन वाजता तब्येत बिघडली तर फोन कोणी उचलायचा आणि जबाबदारी कोणाची. ती हॉस्पिटलची असेल तर ते हॉस्पिटल ॲट होम, नाहीतर ती होम व्हिजिटच, मग नर्स दिवसातून कितीही वेळा येवो. या निकषावर माँटेफिओरचा दावा टिकतो.

ओहोटी. अमेरिकेतले आकडे नेहमी दिले जातात: १९३० च्या सुमाराला डॉक्टर-पेशंट भेटींपैकी साधारण ४० टक्के पेशंटच्या घरी व्हायच्या, १९८० पर्यंत हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली गेलं. एक्स-रे आणि लॅब बॅगेत मावत नाहीत, मोटारी आल्यावर पेशंटच दवाखान्यात यायला लागला, आणि जाण्यायेण्याच्या वेळात डॉक्टर दवाखान्यात बसून बरेच जास्त पेशंट बघू शकतो, ही कारणं सगळेच देतात. नंतर पोर्टेबल यंत्रं आल्यावर यातलं पहिलं कारण बरंच ढिलं पडलं, तिसरं अजून तसंच आहे.

ऑक्सिजन. घरच्या उपचारांमध्ये पुरावा सगळ्यात पक्का कशाचा असेल तर याचा, म्हणून थोडं सविस्तर. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या आणि रक्तातला ऑक्सिजन सतत कमी असलेल्या पेशंटवर दोन चाचण्या झाल्या, अमेरिकेतली १९८० मध्ये आणि ब्रिटनमधली १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटिश चाचणीत रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले, अमेरिकन चाचणीत जवळजवळ दिवसभर घेणारे फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. त्यावरून १५ तास हा आकडा रूढ झाला. धाप लागली की तेवढ्यापुरती नळी लावायची हा प्रकार यात बसत नाही, आणि घरोघरी चूक होते ती इथेच. सुरू करायचा निकष ढोबळमानाने धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी पारा किंवा कमी, तोही तब्येत स्थिर असताना मोजलेला. कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र खनिजात अडकवतो आणि साधारण ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन बाहेर देतो, सिलिंडर भरत बसायची गरज नाही पण लाइट गेली की बंद, म्हणून जोडीला एक भरलेला सिलिंडर ठेवतातच. फ्लो मनाने वाढवायचा नाही, कारण सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. घरात सिगारेट-विडी अजिबात चालत नाही, नाकातल्या नळीसकट चेहरा भाजल्याच्या केसेस होतात.

डायलिसिस घरी न्यायचे प्रयत्न १९६० च्या दशकात सिएटल, बॉस्टन, लंडन अशा ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झाले. पुढे १९७६ मध्ये पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी पोटाच्या पडद्यातून सतत करायच्या डायलिसिसची पद्धत मांडल्यावर यंत्राचीही गरज उरली नाही, दिवसातून साधारण चार वेळा पिशवी बदलायची, हात नीट धुवायचे, नाहीतर पोटात इन्फेक्शन.

परिणाम. ब्रूस लेफ आणि सहकाऱ्यांचा 'हॉस्पिटल ॲट होम'वरचा २००५ चा अभ्यास सगळीकडे उद्धृत होतो. न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, सीओपीडी आणि त्वचेचं इन्फेक्शन असे चारच आजार, वयस्क पेशंट; घरी ठेवलेल्यांचे उपचार सरासरी ३.२ दिवसांत संपले, हॉस्पिटलातल्यांना ४.९ दिवस लागले, आणि भ्रमिष्टपणाही घरी कमी आढळला. पण यात पेशंट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, हे उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत. बॉस्टनमधल्या डेव्हिड लेव्हिन यांच्या २०२० च्या चाचणीत तसे वाटले होते, खर्च ३८ टक्के कमी आला, मात्र एकूण पेशंट ९१ च. कॉक्रेन या, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याचा सूर जपून आहे: सहा महिन्यांतल्या मृत्यूंमध्ये फारसा फरक नाही. 'घरी जास्त बरं होतं' यापेक्षा 'नीट निवडलेल्या पेशंटचं घरी वाईट होत नाही' हे म्हणणं पुराव्याला जास्त धरून आहे. कोविडच्या काळात नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकन सरकारने 'हॉस्पिटल ॲट होम'ला जी परवानगी दिली तिच्यात रोज किमान दोन प्रत्यक्ष भेटी आणि इमर्जन्सीत ३० मिनिटांच्या आत मदत अशा अटी घातल्या.

नवजात बाळांच्या बाबतीत गडचिरोलीचं काम मूलभूत मानलं जातं. अभय बंग, राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळं तपासायला लावलं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेन्टामायसिनचं इंजेक्शनही त्याच द्यायच्या. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले ('लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, १९९९). आक्षेप मुख्यतः इंजेक्शन डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती देण्यावर होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली, भारतात २०११ पासून आशा ताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, जन्म दवाखान्यात झाला असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

वेदनाशामक सेवेत सिसिली साँडर्स यांच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसने (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, स्थापना १९६७) १९६९ मध्ये घरी जाणारी टीम काढली, केरळमध्ये हेच काम स्वयंसेवकांच्या जाळ्यातून उभं राहिलं.

घरच्यांवर पडणाऱ्या भाराची मोजदाद वरच्या खर्चात बहुधा धरलेली नसते, सुट्टी घेऊन बसलेल्या मुलीचा पगार कुठल्याच बिलात येत नाही. कोणाला घरी ठेवू नये याचे नियम बहुतेक ठिकाणी सारखेच आहेत: रक्तदाब किंवा श्वास अस्थिर असेल तर नाही, तासातासाला तपासणी लागत असेल तर नाही, घरात फोन उचलणारं कोणी नसेल तर नाही, आणि पेशंटची किंवा घरच्यांची मनापासून तयारी नसेल तर बाकी सगळं जुळत असूनही नाही. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात, घरच्या कचऱ्यात नाही.