खारं वारं आणि सी किंग

अलिबागच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला निघालेलं नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर आधी छातीत जाणवतं, मग कानाला ऐकू येतं. मान वर केली की त्याचं पोट दिसतं, आणि ते चक्क होडीचं पोट असतं: खालून गोलाई, नाळेकडे उचलत गेलेलं. वेळ आलीच तर पाण्यावर उतरता यावं म्हणून ते तसं घडवलं आहे. मात्र कोळ्याची होडी तळाला जड असते, म्हणून लाटेवर सावरते. इथे दोन इंजिनं, गिअरबॉक्स आणि पाच पात्यांचा पंखा, सगळं ओझं डोक्यावर. त्यामुळे शांत पाण्यात ते तरंगेल, उधाणात कलंडेल.

मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकोर्स्कीचा. पहिलं उड्डाण १९५९ सालचं. ब्रिटनच्या वेस्टलँडने परवाना घेऊन त्यात स्वतःचे बदल केले आणि रोल्स-रॉइसची ग्नोम इंजिनं बसवली. भारतीय नौदलाची सी किंगची पहिली तुकडी, आयएनएएस ३३०, एप्रिल १९७१ मध्ये सुरू झाली. तेव्हा काम होतं पाणबुड्या हुडकण्याचं. हवेत एका जागी थांबून ‘सोनार’, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं हुडकणारं यंत्र, दोरीने पाण्यात सोडायचं आणि खालचे आवाज ऐकायचे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘४२-सी’ ही वाहतुकीची आवृत्ती आली. तिची संख्या अवघी सहा. सोनारचं सामान नसल्यामुळे केबिन मोकळी, पंचवीसेक सैनिक बसतील एवढी. किनाऱ्यावरच्या माणसांच्या जास्त उपयोगी पडली ती हीच आवृत्ती, असं मला वाटतं.

या यंत्राचा खरा शत्रू मात्र मीठ. कोकणात खिडकीचे गज किती लवकर गंजतात, हे आपल्याला सांगायला नको. आता साडेनऊ टनांचं हेलिकॉप्टर लाटांवर स्थिर उभं आहे असं समजा. पंख्याचा व्यास जवळजवळ १९ मीटर. एवढं वजन तोलायचं तर हवा खाली ढकलावीच लागते, आणि साधा हिशेब केला तर पंख्याखाली तिचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. ती हवा पाण्यावर आपटते, तुषार उडतात आणि तेच तुषार वर फिरून इंजिनाच्या तोंडात शिरतात. पाण्याची वाफ होते. मीठ इंजिनातल्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांवर थरानं बसतं. पात्यांचा नेमका आकार बिघडला की हवा नीट दाबली जात नाही आणि ताकद घटते. म्हणून समुद्रावरून परतलं की इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं. हे काम करणाऱ्यांचं नाव कुठे छापून येत नाही, पण सी किंग पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलं ते त्यांच्यामुळे.

डोक्यावरच्या पंख्याच्या पात्यांची तपासणीही पाहण्यासारखी. जुन्या धातूच्या पात्याचा कणा पोकळ असे आणि त्यात दाबाने नायट्रोजन भरलेला असे. केसाएवढी चीर पडली तरी वायू गळणार, आणि पात्याच्या मुळाशी बसवलेला दर्शक लगेच रंग बदलणार. डोळ्यांना न दिसणारी चीर अशी जमिनीवरच पकडली जाई.

१९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे निर्बंध आले. हेलिकॉप्टर ब्रिटनचं, पण आतले कित्येक भाग अमेरिकी, त्यामुळे सुटे भाग मिळेनासे झाले. मिठाने केलं नसतं ते कागदाने केलं. कितीतरी सी किंग हँगरमध्ये उभी राहिली. परवान्यावर उभ्या असलेल्या यंत्राची ही दुखरी बाजू आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज, म्हणजे सपाट तळाची नौका, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात बुडाला. युद्धनौकांनी १८० हून अधिक माणसं वाचवली आणि शोधात सी किंगही होती. अशा वेळी विंचचा, म्हणजे माणसं वर ओढणाऱ्या यंत्राचा, दोर खाली येतो, पण त्याच्या आकड्याला लगेच हात घालायचा नसतो. हवेतून फिरताना हेलिकॉप्टरवर स्थिर विद्युतभार साचतो. आकडा आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायचा, म्हणजे भार निघून जातो. नाहीतर बुडणाऱ्या माणसालाच जोराचा झटका बसायचा.

दोन महिन्यांनी, २२ जुलैला महाड, पोलादपूर, चिपळूण पाण्याखाली गेलं. मुंबईच्या कुलाब्यातल्या आयएनएस शिक्रा तळावरून ४२-सी पोलादपूरच्या दिशेने निघालं. इथे समुद्र नव्हता, कौलं होती. ताशी ८० किलोमीटरचा तोच वारा अगदी खाली आला तर मंगलोरी कौलं पत्त्यांसारखी उडतील आणि छपरावर बसलेली माणसं पुरात पडतील. म्हणून अशा जागी वैमानिकाला उंच थांबावं लागतं आणि दोर लांब सोडावा लागतो. दोर लांबला की टोकाचा माणूस लंबकासारखा झोके घेतो. दारात आडवा झालेला, विंच चालवणारा माणूस एका हाताने दोर सावरत वैमानिकाला सांगत असतो: थोडं पुढे, थोडं डावीकडे, थांब. वैमानिकाला खालचं छप्पर दिसतच नसतं.