युद्धकाळातील गमतीची गाणी (ग्रामीण विदर्भ)

लढाईच्या दिवसांत महागाई, टंचाई, शत्रू आणि सरकार यांची टर उडवत चारचौघांत म्हटली जाणारी गाणी. पहिल्या महायुद्धात इंग्रज शिपायांनी चर्चमधल्या प्रार्थनांच्या चालींवर वात्रट शब्द बसवले होते. चाल ओळखीची आणि शब्द ताजे, ही युक्ती विदर्भातही मुरलेली आहे. इथे तिच्यासाठी दोन साचे तयारच असतात: पोळ्याची झडती आणि मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली, खडी गंमत हे लोकनाट्य.

पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एखादा गडी पुढे होऊन झडती म्हणतो. चार-सहा यमकाच्या ओळी, आणि शेवटी साऱ्या गावाचा गजर, ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!’ एका जुन्या झडतीत महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी असतात. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, कापडावर सरकारी नियंत्रण आले. त्या काळाला ही झडती एक शब्दही न बदलता लागू पडते. झडतीतला देव गावकऱ्याइतकाच गांजलेला असतो, म्हणून घरची ओढाताण त्याच्या नावाने मोकळेपणी बोलता येते. हे मला या प्रकाराचे सर्वांत मोठे देणे वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराशी लावलेले पळसाचे मेढे (फांद्या) शिवेबाहेर फेकताना पोरे ओरडतात, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ या हाकेत नको असलेल्या कोणाचेही नाव जोडता येते. नागपुरात त्याच दिवशी मारबतीच्या, म्हणजे ईडापिडेच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत पाकिस्तानविरोधी बडगेही (टर उडवणारे पुतळे) निघाले आहेत. 1965 ची लढाई तर पोळ्याच्या आगेमागेच पेटली.

1962 आणि 1971 च्या लढाया ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर खडी गंमत रंगते. ढोलकी, डफ, तुणतुणे, चोनका. सगळे कलावंत उभे, आणि लुगडे नेसलेला नाच्या. गण-गवळण आटोपली की विनोदी संवादांची बतावणी सुरू होते. तिची संहिता बांधीव नसते, त्यामुळे दिवसा बाजारात ऐकलेली बातमी रात्री सोंगाड्याच्या तोंडी येऊ शकते.

1962 आणि 1965 च्या लढायांत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवरच्या जवानांपर्यंत गेले. त्यांची भजने वेगळ्या जातीची, धीर देणारी.

झडत्या बहुतेक तोंडीच राहतात. एका सालची दुसऱ्या पोळ्याला शिळी होते. टिकतात त्या महादेव-पारबतीच्या.