संकासुर

संकासुर हे दक्षिण कोकणातील दशावतारी खेळाच्या, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्याच्या, पूर्वरंगात येणारे असुरपात्र आहे. पुराणकथेत वेदांची चोरी करून सृष्टीला ज्ञानहीन करणारा हा दैत्य रंगमंचावर मात्र मुख्यतः हसवण्याचे काम करतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण या तालुक्यांत आणि लगतच्या गोव्यातील पेडणे भागात तो दशावतारातून परिचित आहे, तर रत्नागिरी जिल्ह्यात नमन-खेळे या लोकनाट्यातून आणि शिमग्याच्या सोंगांतून. मराठी लोकरंगभूमीवर प्रलय आणि टवाळी इतक्या सहजपणे एकत्र नांदवणारे दुसरे पात्र सापडणे अवघड आहे.

संकासुर म्हणजे पुराणांतील शंखासुर. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात तो सागराचा पुत्र आहे. विष्णू निद्रेत असताना तो देवांना पदच्युत करून वेदांचे हरण करतो, आणि प्रबोधिनी एकादशीला जागा झालेला विष्णू मत्स्यरूप घेऊन त्याचा वध करतो. भागवताच्या आठव्या स्कंधात हीच चोरी हयग्रीव नावाच्या दैत्याच्या नावावर आहे. तेथे कल्पाच्या अखेरीस ब्रह्मदेवाला झोप येते, त्याच्या मुखातून निसटलेले वेद दैत्य पळवतो, तिन्ही लोक पाण्याखाली जातात आणि राजा सत्यव्रत सप्तर्षींसह बीजे व वनस्पती घेऊन नावेत बसतो. ती नाव वासुकीच्या दोराने महामत्स्याच्या शिंगाला बांधलेली असते. दशावताराने चोराचे नाव पहिल्या कथेतून उचलले, ब्रह्मदेवाला रंगमंचावर आणून बसवले आणि नौका, राजा व महापूर हे सारे गाळून टाकले. एक बाकडे आणि मागे एक पडदा एवढ्यावर उभ्या राहणाऱ्या खेळात समुद्र दाखवण्याची सोय नव्हतीच. दशावतारी जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो, याचा संबंध काही जण या कथेशी जोडतात. परंतु भातकापणी आटोपून माणसे मोकळी होण्याचा काळ तोच, हे कारण अधिक पटणारे आहे.

दशावताराच्या पूर्वरंगास आडदशावतार म्हणतात. मृदंग, झांज आणि पायपेटीच्या साथीवर सूत्रधार, म्हणजे नाईक, नमन गातो. मग ऋद्धिसिद्धींसह गणपती, सरस्वती, भटजी आणि ब्रह्मदेव अशी पात्रे येतात. हा भाग बराचसा विधीसारखा असतो. त्यात संकासुर शिरतो तो अंगभर काळ्या कपड्यात, तोंडावर काळा बुरखा ओढून. बुरख्यावर डोळे रंगवलेले आणि लाल जीभ बाहेर लोंबणारी. लहान मुले त्याला पाहून आईला बिलगतात आणि क्षणभरात हसूही लागतात. हे भय व हसू यांचे मिश्रण नटाने सांभाळायचे असते. बुरख्यामुळे चेहऱ्याचा अभिनय अशक्य असल्याने सारी भिस्त आवाजावर, मानेच्या झटक्यांवर आणि मृदंगाच्या बोलांवर पडणाऱ्या पावलांवर राहते.

त्याचे खरे शस्त्र त्याची बोली आहे. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. संकासुर समोर बसलेल्या माणसांची मालवणी बोलतो. सूत्रधार त्याला गंभीरपणे प्रश्न विचारतो आणि तो प्रत्येक प्रश्नाचा मुद्दाम भलता अर्थ लावतो. दशावताराला लिखित संहिता नसते, कथासूत्र ठरवून संवाद आयत्या वेळी रचले जातात. त्यामुळे गावातले मानकऱ्यांचे वाद, सावकारी, पुढाऱ्यांची आश्वासने, भटजीची दक्षिणेवरची नजर असे काहीही संकासुराच्या तोंडी येऊ शकते. द्व्यर्थी आणि उघड शिवराळ विनोदही येतो, आणि तो देवळाच्या आवारात, देवाच्या जत्रेत चालवून घेतला जातो. बोलणारा राक्षस आहे आणि थोड्या वेळाने मारला जाणार आहे, या दोन गोष्टींमुळे त्याला ही मोकळीक मिळते. माणसाच्या वेषात उभे राहून हेच बोलणाऱ्याला गावाने सहज सोडले नसते.

या विनोदाला एक काळी किनार आहे आणि अभ्यासकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे म्हणावे लागते. वेद चोरीला जाणे म्हणजे जगाची घडी मोडणे. पण संकासुराची सारी थट्टा ऐकल्यावर प्रेक्षकाच्या ध्यानात येते की घडी त्याच्या येण्याआधीच विसकटलेली होती: पूजा सांगणाऱ्याला पूजेत रस नाही, न्याय करणारा आपल्या भावकीचे पाहतो, आणि ज्यांचे वेद जायचे आहेत त्यांना ते उघडायला सवड नाही. राक्षस येथे विनाश आणणारा कमी आणि विनाशाचा हिशेब वाचून दाखवणारा अधिक ठरतो. शेवटी विष्णू येतो, मृदंगाच्या ठेक्यावर युद्ध होते, संकासुर पडतो आणि वेद परत मिळतात. खेळाच्या नावात दहा अवतार असले तरी पूर्वरंगात घडतो तो हा एकच अवतार. युगान्ताचा कल्की रंगमंचावर येत नाही. वधानंतर पूर्वरंग संपतो, पौराणिक आख्यान सुरू होते आणि पहाटे दहीकाल्याने खेळाची सांगता होते.

या खेळाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कुडाळ तालुक्यातील वालावलीच्या गोरे घराण्यातील पुरुषाने तो दक्षिणेतून आणला अशी एक परंपरा सांगितली जाते. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास दशावतारी मंडळी मुंबईपर्यंत नेल्याचा उल्लेख वारंवार येतो. रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळातील स्त्रीवेषधारी पुरुषांचा निर्देश असल्याने हा प्रकार सतराव्या शतकात महाराष्ट्राला माहीत होता, एवढे निश्चित.

रत्नागिरीकडील संकासुराचे वळण वेगळे आहे. गुहागर, चिपळूण, संगमेश्वर या पट्ट्यात तो काळा पोशाख घालून, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून शिमग्यात खेळ्यांबरोबर घरोघर फिरतो, अंगणात नाचतो आणि पोरांच्या मागे धावतो. येथे त्याचे बोलणे कमी आणि नाच अधिक असतो. काही ठिकाणी त्याला नवसही बोलतात. वेद चोरणाऱ्या असुराला देवपण मिळण्यात भाविकांना कोणतीही विसंगती वाटत नाही.

अलीकडे दशावतारी मंडळांचा कल आख्यानाकडे, भरजरी पोशाखांकडे आणि ट्रिकसीनकडे, म्हणजे यांत्रिक करामतींच्या दृश्यांकडे, वळला आहे. नाट्यगृहातील आणि स्पर्धेतील प्रयोगांना वेळेची मर्यादा असते, व कात्री प्रथम लागते ती आडदशावताराला. त्यामुळे अनेक प्रयोगांत गणेशस्तवनानंतर थेट आख्यानाला हात घातला जातो आणि संकासुर येतच नाही. हे पात्र करणारा नट पाठांतरावर घडत नाही, जुन्या नटाच्या जोडीने वर्षानुवर्षे जत्रा करूनच तयार होतो. म्हणून प्रयोगांतून हा भाग गळाला की तो शिकण्याची संधीही नव्या मुलांना मिळेनाशी होते. देवस्थानच्या वार्षिक जत्रेत, जेथे रात्रभर वेळ असतो आणि मानकऱ्यांचा जुन्या रीतीचा आग्रह असतो, तेथे तो अजून पाहायला मिळतो.