परदेशातली उधारी आणि सरकारची हमी

निर्यातीत माल आधी जातो, पैसे मागाहून येतात. कापडाच्या गाठी असतील तर काही महिन्यांचा प्रश्न. पण वीजप्रकल्पासाठी टर्बाइन विकले, तर वसुली दहा-बारा वर्षे चालते. तेवढ्यात गिऱ्हाईक बुडू शकते, त्या देशात सत्तापालट होऊ शकतो, परकीय चलन बाहेर पाठवायला बंदी येऊ शकते. इतक्या लांबचा धोका खासगी विमा कंपन्या सहसा अंगावर घेत नाहीत.

तो सरकारने घ्यावा, म्हणून ब्रिटनने १९१९ साली वेगळे सरकारी खातेच उघडले. महायुद्धाने व्यापार विस्कटला होता आणि घरी बेकारीची धास्ती होती. त्यामुळे हेतू आपले कारखाने चालू ठेवण्याचा होता. परदेशाचा विकास हा शब्द फार नंतर चिकटला. १९२६ पासून जर्मनीत हर्मेस या विमा कंपनीमार्फत सरकारी हमी मिळू लागली. १९३४ मध्ये अशा विमा संस्थांची ‘बर्न युनियन’ स्थापन झाली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकेत एक्झिम (म्हणजे निर्यात-आयात) बँक काढली. ती काढली सोव्हिएत संघाशी व्यापार करायला, आणि पहिले कर्ज गेले क्यूबाला, अमेरिकी चांदी घेण्यासाठी! पुढे ब्रह्मदेशातून चीनला जाणारा बर्मा रोड आणि पॅन-अमेरिकन महामार्गालाही तिने पैसा पुरवला. जपानची निर्यात बँक १९५० ची, भारताचे निर्यात जोखीम विमा महामंडळ १९५७ चे.

यातली मेख अशी की कर्ज परदेशी खरेदीदाराच्या नावावर चढते, पण रक्कम बहुधा थेट देशातल्या निर्यातदाराच्या हाती पडते. धरण तिकडे उभे राहते, पगार इकडे होतात.

मग व्याज कोण जास्त स्वस्त देतो याची चढाओढ लागली. तिला आवर घालायला श्रीमंत देशांनी ओईसीडी या आपल्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या छत्राखाली १९७८ साली समझोता केला: खरेदीदाराने किमान १५ टक्के रक्कम आधी भरायची, व्याजाला तळ आणि मुदतीला मर्यादा. हा करार नव्हे, सभ्य गृहस्थांमधला शब्द. चीनची एक्झिम बँक १९९४ मध्ये आली आणि चीन या समझोत्याबाहेरच राहिला.

हमीचा खरा अर्थ १९८२ नंतर कळला. परदेशी कर्ज फेडता येत नाही म्हणून मेक्सिकोने हात वर केले, पाठोपाठ इतरांनीही. हमी देणाऱ्या संस्थांनी निर्यातदारांचे आणि बँकांचे दावे चुकते केले आणि व्यापारी उधारी सरकारांमधले कर्ज बनून पॅरिस क्लब या धनको सरकारांच्या गटाच्या टेबलावर आली.

पर्यावरणाचा मुद्दा त्याहून उशिराचा. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाला अमेरिकी एक्झिमने १९९६ मध्ये नकार दिला, तर जर्मनी आणि कॅनडाच्या संस्थांनी पाठिंबा दिला. २००३ मध्ये ओईसीडीने पर्यावरणाचे समान निकष ठरवले. २००९ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी तुर्कस्तानच्या इलिसू धरणाची हमी काढून घेतली. तुर्कस्तानने ते देशी बँकांच्या पैशावर बांधले आणि हसनकेफ हे प्राचीन गाव पाण्याखाली गेले.