उंचीच्या आधी चाक: रोलर कोस्टरची पार्श्वभूमी

उन्हाळी सुट्टीत कोल्हापुरात एखाद्या मैदानावर आनंदमेळा लागला की आकाशपाळणा आणि ब्रेक डान्सच्या शेजारी ड्रॅगन ट्रेन उभी असतेच. वाकवलेले लोखंडी रूळ, दोन-तीन चढउतार आणि पुढे तोंड वासलेला ड्रॅगन. बऱ्याच कोल्हापूरकरांची रोलर कोस्टरशी पहिली ओळख एवढीच. पुढची पायरी म्हणजे खोपोलीजवळची इमॅजिका. थंडीत शाळा-कॉलेजांच्या सहली पुणे ओलांडून तिकडे जातात आणि तिथल्या 'नायट्रो' या कोस्टरवर कोण किंचाळलं, कोण डोळे मिटून बसलं, यावर परतीच्या गाडीत अर्धी रात्र निघते. त्यातल्या एखाद्याला नाद लागतो. मग तो जगभरच्या कोस्टरांची उंची नि वेग पाठ करायला घेतो.

आकडे पाठ असायला हरकत नाही, पण रोलर कोस्टर इथवर आला तो रुळाखालच्या कामामुळे. चाक कुठे बसवलं, साखळी सुटली तर गाडी कशाने अडेल, वळण कुठे सैल नि कुठे घट्ट ठेवलं, हा त्याचा खरा इतिहास. लेथ आणि फाउंड्रीवर वाढलेल्या गावात तो सांगायला जास्त मजा येते.

सुरुवात रशियातल्या बर्फापासून. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्ग परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाडे उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतत. पाणी गोठलं की वीस मीटरहून उंच घसरगुंडी तयार व्हायची. जिने चढून वर जायचं, घसरगाडीवर बसायचं आणि सुटायचं. सम्राज्ञी कॅथरीनने ओरानियनबाउमच्या आपल्या राजवाड्याच्या आवारात उन्हाळ्यातही चालेल अशी चाकांची घसरगुंडी करून घेतली. तो उतार आज नाही, पण वास्तुविशारद अंतोनियो रिनाल्दीने त्याच्या माथ्याशी बांधलेला निळा-पांढरा मंडप अजून उभा आहे. १८१७ साली पॅरिसमध्ये अशाच दोन घसरगुंड्या सुरू झाल्या आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट घडली: गाडी उधळू नये म्हणून तिची चाकं मार्गात अडकवलेली होती. माझ्या लेखी रोलर कोस्टरचा जन्म इथे झाला. बर्फावरचा खेळ म्हणजे शेवटी घसरगुंडीच.

अमेरिकेत मात्र हा प्रकार कोळशातून आला. पेनसिल्व्हेनियात मॉच चंक इथे १८२७ मध्ये खाणीतला कोळसा कालव्यापर्यंत उतरवण्यासाठी सुमारे चौदा किलोमीटरचा उताराचा रेल्वेमार्ग घातला. भरलेले डबे आपल्या वजनाने खाली यायचे आणि रिकामे डबे खेचरं वर ओढून न्यायची. खाली येताना ती खेचरंही डब्यात बसून यायची. पुढे कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागली, तेव्हा याच रुळांवर तिकीट काढून पर्यटक बसू लागले आणि ते थेट १९३३ पर्यंत बसत राहिले.

मोज्यांच्या धंद्यात असलेला लामार्कस थॉम्पसन हा धार्मिक वृत्तीचा गृहस्थ. लोकांनी दारूचे गुत्ते सोडून दुसऱ्या करमणुकीकडे वळावं, असं त्याला वाटे. १८८४ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. उंची १५ मीटर, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर, भाडं पाच सेंट. माणसं बाकावर आडवी तोंडं करून बसायची आणि पलीकडच्या टोकाला उतरायची. मग कामगार गाडी ढकलून परतीच्या रुळावर चढवायचे. सायकलवालाही मागे टाकेल असा हा वेग, तरी लोकांच्या रांगा लागल्या. वर्षभरातच इतरांनी रूळ गोल फिरवून सुरुवातीच्या जागी आणले आणि गाडी वर खेचणारी यंत्रणाही जोडली. मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली ती १८९१ साली. म्हणजे आपल्याकडे रेल्वेचंच अप्रूप असताना तिकडे ती खेळणं झाली होती.

यानंतर हाव सुटली. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच 'फ्लिप फ्लॅप' नावाचा लूप, म्हणजे गाडीला पूर्ण उलटं फिरवणारा उभा फेरा आला, व्यास जेमतेम साडेसात मीटर आणि आकार अगदी वर्तुळाकार. चूक त्या आकारातच होती. वर्तुळाकार लूपमध्ये गाडी माथ्यावरून कशीबशी निभावेल एवढाच वेग ठेवला, तरी गणिताने तळाशी वजनाच्या सहापट भार येतो. साठ किलोच्या माणसाला आपण तीनशे साठ किलोचे झालो असं वाटणार, आणि ते अचानक. माना दुखावल्या यात नवल नाही. १९०१ च्या 'लूप द लूप'ने लंबवर्तुळ वापरून भार बराच कमी केला, पण एका गाडीत चारच माणसं मावत. बघ्यांची गर्दी मोठी नि गल्ला छोटा, त्यामुळे तोही बंद पडला. पुढची सत्तरेक वर्षं लूपच्या फारसं कोणी वाटेला गेलं नाही.

दरम्यान जॉन मिलर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने शांतपणे काम केलं. आज आपण चढाच्या साखळीवर खट्-खट्-खट् आवाज ऐकतो तो त्याच्या काळातला: गाडीखालचा आकडा दातऱ्या पट्टीवरून सरकत जातो आणि साखळी सुटली तर दातात अडकून गाडीला मागे येऊ देत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९१९ मध्ये त्याने रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. त्याआधी अमेरिकेत गाडी केवळ स्वतःच्या वजनाने रुळावर टिकायची, म्हणून उतार बेताचे ठेवावे लागत आणि काही गाड्यांवर ब्रेक ओढणारा माणूस बसवलेला असे. वर, बाजूला आणि खाली अशी तीन चाकं आल्यावर गाडी रुळावरून उचलली जायची भीती संपली. माथ्यावरून जाताना बूड सीटवरून सुटतं नि पोटात गोळा येतो, ती गंमत या खालच्या चाकाने दिली. शौकीन तिला एअरटाइम म्हणतात. १९२७ चा कोनी आयलंडचा लाकडी 'सायक्लोन' याच जोरावर उभा राहिला आणि अजून चालतो.

दातऱ्या पट्टीची किंमत काय, हे लंडनमधल्या बॅटर्सी पार्कने दाखवलं. ३० मे १९७२ रोजी तिथल्या 'बिग डिपर'ची गाडी चढावर दोरापासून सुटली, मागे येण्यापासून रोखणारी व्यवस्था चालली नाही आणि पाच मुलं दगावली. दोन वर्षांत तिथला सगळा आनंदमेळाच बंद झाला.

आता कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानेवाल्यांनी कान द्यावा. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात चौघांनी भागीदारीत एक छोटं मशीन शॉप काढलं, नाव ॲरो. मिळेल ते जॉबवर्क करायचे. डिस्नेलँडच्या राइड्सचं काम त्यांच्याकडे आलं आणि १९५९ मध्ये 'मॅटरहॉर्न'साठी त्यांनी लाकडी पायावरच्या पट्टीऐवजी पोलादी नळीचा रूळ केला. नळी हवी त्या दिशेला वाकवता येते आणि चाकं तिला तिन्ही बाजूंनी पकडतात. आज जगात दिसणारे बहुतेक कोस्टर याच कल्पनेची लेकरं आहेत. १९७५ मध्ये याच ॲरोने 'कॉर्कस्क्रू' काढून माणसांना पुन्हा उलटं केलं. त्यांच्या वळणांमध्ये डोकं खांद्यावरच्या पट्ट्याला आपटायचं, ही शौकिनांची जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. पुढे २००१ मध्ये ॲरोचं दिवाळं निघालं.

वळण नीट बसवलं ते जर्मनांनी. आंटोन श्वार्झकोफ गाड्या आणि रूळ बनवायचा, वेर्नर श्टेंगेल हिशेब करायचा. दोघांच्या कामातून १९७६ मध्ये लॉस एंजलिसजवळ 'रेव्होल्यूशन' उभा राहिला. त्याचा लूप वर्तुळ नव्हता, उलट्या थेंबासारखा होता: तळाशी त्रिज्या मोठी, वर जाता जाता लहान. वेग जास्त तिथे वळण सैल आणि वेग कमी तिथे घट्ट, म्हणून भार एकदम आदळत नाही. हा वक्र काही नवा नव्हता. सरळ मार्गावरून वळणात शिरताना रेल्वेचे अभियंते तोच वापरत आले होते. कोस्टरवाल्यांनी तो उभा केला, एवढंच.

भारतात दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये आणि गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. दूरदर्शनच्या जाहिराती बघून कोल्हापूरची पोरं घरच्यांच्या मागे लागायची. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, पुढे लाँचने खाडी पार. पण जगातल्या मोठ्या कंपनीचा मोठा कोस्टर महाराष्ट्रात यायला २०१३ उजाडलं. इमॅजिकातला नायट्रो स्विस कंपनी बोलिगर अँड माबियार्डचा आहे. उंची ४० मीटर, पाच वेळा उलटं होणं आणि पायाखाली गाडीचा तळच नाही. घर्षण सोडून दिलं तर ४० मीटर पडलेली वस्तू तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते, मग ती बादली असो की भरलेली गाडी. माथा सोडल्यावर गाडीला ढकलणारं इंजिन नाही, पुढचा सगळा खेळ त्या एका चढाच्या जिवावर.

अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स ही शौकिनांची संघटना १९७८ ची. आमच्याकडे संघटना नसली तरी इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर नादखुळे भेटतात. त्यातल्या अनेकांनी आधी संगणकावर कोस्टर बांधले, मग प्रत्यक्ष पाहिले. १९९९ चा 'रोलरकोस्टर टायकून' हा खेळ ख्रिस सॉयरने जवळपास सगळा असेंब्ली या यंत्राच्या जवळच्या, किचकट संगणकीय भाषेत लिहिला होता, हे ते अभिमानाने सांगतात, जणू स्वतःच लिहिला. तोवरचा जगातला सर्वात उंच, १३९ मीटरचा अमेरिकेतला कोस्टर 'किंगडा का' २०२५ मध्ये स्फोटकांनी पाडला तेव्हा यांच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या आल्या. मला फार वाईट वाटलं नाही. सरळ वर नि सरळ खाली, त्यात वळणाचं कसब ते किती?

नायट्रोवर बसायचंच असेल तर मोकळी हवा नि नजारा पुढच्या रांगेत आहे. पण गाडीचा मधला भाग माथा ओलांडून वेग घेतो तेव्हा मागचे डबे अजून चढावरच असतात आणि त्यांना झटक्याने ओढलं जातं, म्हणून पोटातल्या गोळ्यासाठी शेवटची रांग धरावी. आणि शक्यतो दुपारनंतर: दिवसभर फिरून चाकं नि बेअरिंगमधलं ग्रीस तापलेलं असतं, गाडी सकाळपेक्षा मोकळी पळते.