धारणक्षमता

धारणक्षमता : एखाद्या प्रदेशातील माती, पाणी व वनस्पती यांची कायमची हानी न होता, ठरावीक काळ आणि जमीन वापरण्याच्या ठरावीक रीतीने, तेथे जास्तीत जास्त जेवढी माणसे किंवा जनावरे जगू शकतात ती संख्या. हिला वहनक्षमता (इं. कॅरिंग कपॅसिटी) असेही म्हणतात. लोकसंख्येचा दाब आणि पर्यावरणाचा ऱ्हास यांच्या चर्चेत ही संख्या वारंवार पुढे केली जाते. मात्र काळ आणि रीत या व्याख्येतील दोन्ही अटी बहुधा गाळूनच. त्यामुळे ती जमिनीच्या अंगचा गुण असल्यासारखी वाटू लागते. या अटी गाळून देशोदेशींच्या लोकांवर निर्णय लादले गेले आहेत, म्हणून संज्ञेचा इतिहास थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

संज्ञेचा उगम : ही इंग्रजी संज्ञा लोकसंख्येवर निबंध लिहिणाऱ्या माल्थसची (१७९८) असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, पण त्याच्या लेखनात ती नाही. भूगोलज्ञ नेथन सेअर यांनी २००८ मध्ये केलेल्या मांडणीनुसार तिचा पहिला वापर जहाजवाहतुकीतला असून तो १८४० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आढळतो. वाफेच्या जहाजात कोळसा व यंत्रे बरीच जागा अडवतात. तेव्हा जकात एकूण आकारमानावर घ्यायची, की प्रत्यक्ष माल भरता येणाऱ्या जागेवर, असा तो प्रश्न होता. पुढे कालवे, नळ आणि ओझ्याची जनावरे यांनाही हा शब्द लागू झाला. जनावर किती वाहून नेईल यापासून जमीन किती जनावरे पोसेल हा अर्थपालट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काही दशकांत झाला असावा. याहून नेमका काळ सांगणे धाडसाचे ठरेल. हा उगम मान्य केल्यास मराठीतील वहनक्षमता हा पर्याय मुळाला अधिक धरून आहे. तथापि तो कालवे व पुलांच्या कामात रूढ असल्याने येथे धारणक्षमता हा शब्द वापरला आहे.

कुरणांसाठीची पहिली नेटकी व्याख्या अलास्कातील रेनडिअर या थंड प्रदेशातील हरणांविषयी हॅडवेन व पामर यांनी १९२२ मध्ये दिली. कुरणाला इजा न होता चराईच्या निश्चित मुदतीत पोसली जाणारी जनावरे, असा तिचा आशय आहे. येथे मुदतीची अट स्पष्ट आहे. अमेरिकन वन्यजीवतज्ज्ञ अल्डो लिओपोल्ड यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनात आणली.

गणिती धागा अगदी वेगळा आहे. बेल्जियन गणितज्ञ प्येर फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये असे समीकरण मांडले, की संख्या वाढत जाते तसा वाढीचा वेग मंदावतो आणि शेवटी संख्या एका कमाल मर्यादेला टेकते. १८४५ मध्ये त्यांनी या वक्राला ‘लॉजिस्टिक’ हे नाव दिले. रेमंड पर्ल व लोवेल रीड यांना हाच वक्र १९२० मध्ये स्वतंत्रपणे सापडला. यांपैकी कोणीही त्या मर्यादेला धारणक्षमता म्हटलेले नाही. परिस्थितिविज्ञ यूजीन ओडम यांच्या १९५३ च्या पाठ्यपुस्तकात समीकरणातील कमाल मर्यादा दर्शवणारा ‘के’ हा स्थिरांक आणि कुरणवाल्यांची धारणक्षमता यांची गाठ घातली गेली, आणि मोजून ठरवायची, दरसाल बदलणारी गोष्ट स्थिरांकाच्या रूपात शिकवली जाऊ लागली. प्रस्तुत नोंदीत सेअर यांचाच क्रम ग्राह्य धरला आहे.

हा स्थिरांक किती स्थिर असतो, हे त्याच्या कर्त्यांच्या आकड्यांवरून दिसते. व्हेरहुल्स्ट यांनी बेल्जियमची कमाल लोकसंख्या प्रथम ६६ लाख काढली आणि दोनच वर्षांत ती नव्वद लाखांच्या वर नेली. आज तेथे १ कोटी १० लाखांहून अधिक लोक राहतात. पर्ल व रीड यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसाठी सुमारे १९.७ कोटींची कमाल मर्यादा दिली होती. ती १९६० च्या दशकातच ओलांडली गेली.

कुरणावरील मोजणी : सर्वांत सोपी आणि आजही सर्वत्र वापरली जाणारी रीत अशी आहे. वाढीचा हंगाम संपताच कुरणात एक चौरस मीटरच्या चौकटी टाकतात, त्यांतील गवत कापून वाळवतात व तोलतात. त्यावरून हेक्टरी कोरड्या चाऱ्याचे वजन निघते. ते १,५०० किग्रॅ. आले असे समजू. उष्ण प्रदेशात २५० किग्रॅ. वजनाचे जनावर हे एक पशुएकक मानतात. जनावर रोज आपल्या वजनाच्या सुमारे २.५ टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे ६.२५ किग्रॅ.; वर्षाला साधारण २,२८० किग्रॅ. आता यातले किती गवत खाऊ द्यायचे, हे ठरवावे लागते. ‘अर्धे खा, अर्धे राखा’ या नियमाने ७५० किग्रॅ. चारा हाती लागतो व एका पशुएककास ३ हेक्टर पुरतात. तुडवले जाणारे, वाळवी व टोळ खाणारे गवत वजा करून उपयोगाचे प्रमाण ३० टक्के धरले, तर तोच चारा ४५० किग्रॅ. होतो आणि एका पशुएककास ५ हेक्टर लागतात. कुरण तेच, गवत तेच, चौकटीही त्याच. मोजणाऱ्याच्या एका निवडीने कळपातील पाचांतली दोन जनावरे ‘जादा’ ठरली.

दुसरी चूक सरासरीची. वार्षिक पावसातील चढउतार सरासरीच्या साधारण एक-तृतीयांशाहून अधिक असेल, तर गवताचे प्रमाण जनावरांच्या संख्येपेक्षा पावसावरच अवलंबून राहते. वायव्य केन्यातील तुर्काना प्रदेशाविषयी एलिस व स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिले. अशा ठिकाणी सरासरी धारणक्षमतेला बांधलेला कळप चांगल्या वर्षी चारा वाया घालवतो आणि दुष्काळात तरीही मरतो. तेथील पशुपालकांचे फिरते जीवन हेच खरे व्यवस्थापन असते. कुरणांना कुंपणे घालून त्यांना एका जागी बसवल्यास पाणवठ्याभोवतीची जमीन उघडी पडत जाते.

सेंट मॅथ्यू बेट : बेरिंग समुद्रातील सुमारे ३३० चौ. किमी. च्या या बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडण्यात आले. १९५७ मध्ये ते सुमारे १,३५० आणि १९६३ मध्ये ६,००० झाले. हिवाळ्यातील मुख्य खाद्य असलेला, सावकाश वाढणारा दगडफुलाचा थर तोवर खरवडला गेला होता. १९६३-६४ च्या कडक हिवाळ्यानंतर १९६६ मध्ये डेव्हिड क्लाइन यांना ४२ च जनावरे आढळली, व त्यांत नर एकच होता. हे उदाहरण मानवी समाजांना सर्रास लावले जाते. ते जपून लावावे : त्या बेटावरून बाहेर जाण्याचा मार्ग, साठवण, व्यापार किंवा पिकांची अदलाबदल यांपैकी काहीच रेनडिअरांना उपलब्ध नव्हते.

मानवी लोकसंख्येचे अंदाज : ज्ञात अंदाजांपैकी बहुधा सर्वांत जुना सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लेव्हेनहूक यांचा (१६७९) आहे. कॉड माशाच्या रेतातील जंतूंची संख्या किती प्रचंड आहे हे पटवण्यासाठी त्यांनी हॉलंडची सुमारे दहा लाख वस्ती पृथ्वीवरील वस्तियोग्य भूभागाला लावून १३.४ अब्ज माणसांचा आकडा काढला. राव्हेनस्टाइन यांनी १८९१ मध्ये ६ अब्ज, तर सी. टी. द वित यांनी १९६७ मध्ये निव्वळ प्रकाशसंश्लेषणाच्या हिशेबाने १,०२२ अब्ज असा अंदाज दिला. जोएल कोहेन यांनी १९९५ मध्ये अशा सुमारे ६५ अंदाजांची छाननी केली. बहुतेक ४ ते १६ अब्जांच्या दरम्यान पडतात, पण काळ पुढे सरकला तसे ते एकमेकांच्या जवळ आलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८ अब्ज झाली.

देशवार मोजणीचा सर्वांत मोठा प्रयत्न संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ११७ विकसनशील देशांसाठी केला. पाऊस हा संभाव्य बाष्पोत्सर्जनाच्या (जमीन व वनस्पती यांतून वाफेच्या रूपाने जाऊ शकणाऱ्या पाण्याच्या) निम्म्याहून अधिक असलेले दिवस मोजून पीकवाढीचा काळ काढला. मातीचे प्रकार त्यावर बसवले आणि हाताने केलेली बिनखताची शेती, मध्यम सुधारलेली शेती व पूर्ण यांत्रिक शेती अशा तीन पातळ्यांवर उष्मांक मोजले. पहिल्या पातळीवर इ. स. २००० पर्यंत निम्म्याहून अधिक देश अपुरे ठरत होते. तिसऱ्या पातळीवर फार थोडे. मात्र लागवडयोग्य सर्व जमीन अन्नपिकांखाली येईल, हे गृहीतक त्यात होते. कापूस, चारा, सरपण आणि जंगल यांना जागाच उरली नव्हती.

माचाकोस : केन्यातील हा डोंगराळ, निमकोरडा जिल्हा दोन परस्परविरोधी निष्कर्षांसाठी प्रसिद्ध आहे. १९३० च्या दशकात सुमारे २.४ लाख वस्ती असताना वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी तो धारणक्षमतेपलीकडे गेल्याचे ठरवले, आणि १९३८ मध्ये कांबा लोकांची गुरे सक्तीने काढून विकण्यास सुरुवात केली. हजारो कांबा स्त्री-पुरुष मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली नैरोबीपर्यंत चालत गेले व तेथे तळ ठोकून बसले. सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली. गुरे हीच ज्यांची पुंजी आणि दुष्काळातली शिदोरी, त्यांच्यापासून ती एका कच्च्या आकड्याच्या आधारे हिरावून घेतली गेली, ही या संकल्पनेच्या इतिहासातील गंभीर बाब आहे. १९८९ पर्यंत वस्ती १४ लाखांच्या आसपास पोहोचली. टिफेन, मॉर्टिमोर व गिचुकी यांनी १९९४ मध्ये दाखवले, की या काळात धूप घटली, झाडे वाढली आणि माणशी उत्पादनही वाढले.

यातला मुख्य उपाय ‘फान्या जू’, म्हणजे स्वाहिलीत ‘वर टाका’. समपातळी रेषेवर सुमारे ६० सेंमी. रुंद व तेवढाच खोल चर खणून माती उताराच्या वरच्या बाजूला टाकतात. बांध आणि चर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडतात, नाहीतर बांधाची माती परत चरात घसरते. दोन चरांमधील अंतर तीव्र उतारावर ५ मी., मंद उतारावर २० मी. पर्यंत असते. वाहून येणारी माती बांधामागे साठत जाते व काही वर्षांत सपाट पायरी तयार होते. बांधावर लगेच गवत लावले नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो खचतो. रेषा समपातळीत नसेल, तर पाणी सखल टोकाला जमून बांध फोडते आणि खाली घळ पडते. म्हणून दोन काठ्या, दोरी व पाणपातळी घेऊन आखणी करतात. सक्तीच्या काळात माती खाली टाकण्याची रीत रुजवण्याचा प्रयत्न झाला. तिला कष्ट कमी लागतात, पण बांध लवकर ढासळतो. मेहनतीची रीत लोकांनी नंतर आपणहून निवडली.

एस्टर बोसरप यांच्या १९६५ मधील सिद्धांताला, म्हणजे दाट वस्तीमुळे पडीक काळ घटून शेती अधिक निगुतीची होते या मताला, माचाकोसचा आधार दिला जातो. तो पूर्ण पुरेसा नाही. नैरोबीची जवळची बाजारपेठ, कॉफी आणि शहरातून घरी येणारी मजुरी यांचाही वाटा होता व लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. तरीही नुसत्या लोकसंख्येवरून ऱ्हासाचे भाकीत करता येत नाही, एवढे यातून निश्चित होते.

वादग्रस्त उदाहरणे : पॅसिफिक महासागरातील रापा नुई (ईस्टर) बेटावर लोकांनी जंगल तोडून स्वतःचा विनाश ओढवला, ही कथा सर्वश्रुत आहे. ताड नाहीसे झाले यात शंका नाही. मात्र त्यात बिया खाणाऱ्या उंदरांचा वाटा किती, यावर एकमत नाही. बेटावर माणसे प्रथम येऊन वसल्याचा काळ आता बहुतेक अभ्यासक इ. स. १२०० च्या सुमारास मानतात. २०२४ मधील प्राचीन डीएनएच्या अभ्यासात सतराव्या शतकातील लोकसंख्येच्या कोसळण्याचा पुरावा मिळाला नाही. नोंदलेला खरा संहार १८६० च्या दशकातील पेरूच्या गुलाम-धाडी व देवीच्या रोगाची साथ यांमुळे झाला. १८७७ मध्ये बेटावर १११ लोक उरले होते. गिनीतील किसिडुगू भागात गावांभोवतीची वनबेटे हे तुटलेल्या जंगलाचे अवशेष समजले जात. फेअरहेड व लीच यांनी जुनी हवाई छायाचित्रे आणि गावकऱ्यांच्या आठवणी तपासून ही वने लोकांनीच वाढवल्याचे १९९६ मध्ये दाखवले. हैतीत दोनच टक्के जंगल उरल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तर उपग्रहचित्रांवरून वृक्षाच्छादन ३० टक्क्यांच्या आसपास निघाले. फरक बराचसा व्याख्येचा आहे : कॉफीवरची सावली, परसबागा आणि विरळ झुडुपे मोजायची की नाही. उतारावरील धूप मात्र तेथे खरीच आहे.

पाणी : स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांच्या निर्देशांकात दरडोई वार्षिक नवीकरणीय पाणी १,७०० घनमीटरांखाली गेल्यास ताण, १,००० खाली टंचाई व ५०० खाली तीव्र टंचाई मानतात. १९५९ च्या सुदानबरोबरच्या करारानुसार ईजिप्तचा नाईलमधील वाटा ५५.५ अब्ज घनमीटर आहे. त्या वेळी तो माणशी दोन हजार घनमीटरांच्या वर पडत होता. आज दहा कोटींवरील लोकसंख्येत तोच ५०० च्या आसपास येतो. देश तरतो तो आयात गव्हावर, म्हणजे दुसऱ्या देशांत पडलेल्या पावसावर. याउलट मध्य आशियातील अरल समुद्र आटला तो काठच्या लोकांच्या तहानेमुळे नव्हे; सोव्हिएत नियोजनाने अमूदर्या व सिरदर्या या नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले होते. १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौ. किमी. असलेला हा जलाशय १९८० च्या दशकाअखेर दुभंगला. कझाकस्तानने २००५ मध्ये कोक-अरल बंधारा पूर्ण केल्यावर उत्तरेकडील लहान भागात पाणी चढले व मासेमारी पुन्हा सुरू झाली.

शहरे : शहराच्या हद्दीत धारणक्षमता मोजणे व्यर्थ असते, कारण अन्न, पाणी व इंधन बाहेरून येते. म्हणून १९९० च्या दशकात रीस व वॅकरनेगल यांनी प्रश्न उलटा करून, दिलेल्या लोकांना किती जमीन लागते हे मोजणारा पारिस्थितिक पदठसा सुचवला. त्याच्या जागतिक आकड्यातील निम्म्याहून अधिक भाग कार्बन शोषण्यासाठी लागणाऱ्या काल्पनिक जंगलाचा आहे; मातीची धूप किंवा भूजलाची घट त्यात उतरत नाही. जकार्ता व मेक्सिको सिटी यांच्याखालची जमीन उपशामुळे खचत आहे, ती या हिशेबात दिसत नाही.